शालनचा पांढरा वण

हिरव्या कापडाखाली कुशीवर पडलेली बाई माझीच बायको आहे, हे मला तिच्या पायांवरून कळलं. डाव्या पायातलं जोडवं सैल झालं म्हणून तिनं त्याला पिवळा दोरा गुंडाळला होता. सोमवारी माझ्यासमोर बसूनच गुंडाळला होता आणि मी म्हणालो होतो, "एवढी वाळलीस व्हय गं?"

"काका, ओता ना," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "कंपाउंडर रजेवर आहे, नाहीतर तुम्हाला आत बोलावलं नसतं. फ्लास्क अर्धाच भरा."

माझ्या हातात द्रव नायट्रोजनचं छोटं कंटेनर होतं. मी तेव्हा शेणवडीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. गाई-म्हशी भरवायच्या रेताच्या कांड्या ज्या थंडगार नायट्रोजनमध्ये टिकवतात, तोच माणसाच्या कातडीवरचं नको ते गोठवून काढायलाही लागतो. तालुक्यात तो दुसरीकडे मिळत नव्हता, म्हणून आमच्या साहेबांच्या परवानगीनं दर गुरुवारी सकाळी नऊला मी मुजावर मॅडमना थोडा पोचवत असे. त्या दिवशी एका वस्तीवर गाय अडली होती, ती मोकळी करेपर्यंत साडेअकरा झाले. शालन घरातून सांगून निघाली होती की तालुक्याला दत्ताच्या देवळात जाते. गेले दोन-तीन गुरुवार जात होती. मला वाटलं, उतारवयात बायको देवाला लागली, चला, घरातली कटकट तेवढीच कमी.

कापडाला कमरेपाशी वीतभर चौकोन कापलेला होता. त्यातून जे दिसत होतं ते बघून मी जागच्या जागी थिजलो. तळहाताएवढी जागा लालभडक सोलवटलेली, कडेनं पिवळट खपल्या, त्यातून पाणी झिरपतंय. आणि बरोबर मधोमध एक पांढरा, गुळगुळीत, गोल वण. मी आयुष्यभर सडलेली खुरं धुतली, किडे पडलेल्या जखमा साफ केल्या आणि तसाच येऊन जेवायला बसलो. त्या दिवशी मात्र मी तोंड फिरवलं. कंटेनर कलंडलं, नायट्रोजन फरशीवर सांडला आणि सगळीकडे पांढरी वाफ पसरली.

"शालन," मी म्हणालो.

कापडाखालची मान वळली. "अगं बया! तुमी नऊला येऊन जाता न्हवं?"

मॅडम एकदा माझ्याकडे, एकदा केसपेपरकडे बघू लागल्या. "तुम्ही ओळखता ह्यांना? शालन बाबर?"

"माहेरचं नाव ते. मंडळी आहे माझी." माझा आवाज चढला. "मॅडम, हे काय करून ठेवलंय तुम्ही तिचं? जनावराची अशी दशा केली असती, तर मालकानं मला झाडाला बांधला असता!"

"काका, बसा आधी."

"बसत नाही. काय झालंय तिला?"

मॅडमनी शालनकडे बघितलं. शालन भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सांगा आता. झाकून ठेवायचं ते उघडंच पडलंय सगळं."

"कॅन्सर आहे," मॅडम म्हणाल्या.

मी बसलो. स्टूल कुठं आहे हे न बघताच बसलो, ते खाली होतं म्हणून बरं.

मॅडम वयानं आमच्या पोरीएवढ्या, पण बोलणं शांत. त्यांनी मला पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. आजार अगदी सुरुवातीचा आहे, कातडीच्या वरच्या थरातच आहे, कडेचा तुकडा काढून मिरजेला तपासून आणलाय. जागा परकराच्या नाडीची. चाळीस वर्षं एकाच रेषेत नाडी करकचून बांधायची, वर नेसण खोचायची, घासून घासून तिथं काळा वळ पडतो. तो सगळ्याच बायकांना असतो, म्हणून त्यात खाज आली, खपली धरली तरी कोणी दाखवत नाही. एखादीचं पुढं असं होतं.

"आणि ही जखम?"

"ही मलमानं झालीय. मुद्दाम केलीय. हे मलम स्वतः कॅन्सरला मारत नाही, ते शरीराला जागं करतं. तुम्ही लस टोचलीत की गाईला ताप येतो, गाठ येते की नाही? तसं. चिडलं म्हणजे लागू पडलं. चौदा दिवस मलम झालंय, आज मधेच गोठवायचं, म्हणजे आधीच चवताळलेलं शरीर आणखी जोरात तुटून पडतं. पुढं तीन आठवडे परत मलम. नुसत्या मलमापेक्षा किंवा नुसत्या गोठवण्यापेक्षा दोन्ही मिळून गुण चांगला येतो. सगळं नीट झालं तर कापावं लागणार नाही."

लसीचं उदाहरण मला पटलं. मी जरा मोकळा श्वास घेतला. इथपर्यंतचा धक्का मी पचवलाही असता.

मॅडमनी कंटेनरमध्ये उरलेला नायट्रोजन फ्लास्कमध्ये ओतला आणि त्या थांबल्या. "मावशी, एक परत विचारते. बरं झालं, काकाही आहेत. हा मधला पांढरा वण. आधी भाजलं होतं आणि डाग मागाहून त्याच्या कडेनं आला, असंच ना? की डाग आधी होता?"

"आदी भाजलं," शालन लगेच म्हणाली. "उकळत्या पाण्याचा हंडा चुलीवरनं उतरून कमरेवर घेतला, त्याचा चटका. सांगितलंय की मागंच."

"म्हणजे वणाखाली काही नाही. तिथं मलम लावत नाही ना?"

"न्हाई. तेवढं सोडूनच लावते."

"बरोबर. मीही तेवढं सोडूनच गोठवते. काका, तुम्हाला आठवतो तो हंड्याचा प्रकार?"

शालननं मान वळवून माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला डोळ्यांनी पुष्कळदा गप्प केलं होतं, पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर. पण हे बघणं वेगळं होतं. ती विनवत होती.

"असेल," मी म्हणालो. "माझं घरात कुठं लक्ष असतं."

तो वण हंड्याचा नव्हता. तो माझ्या हातचा होता.

गाईच्या सडांवर चामखिळी येतात. धार काढताना गाय लाथा मारते. मी कापसाचा बोळा नायट्रोजनमध्ये बुडवून त्या गोठवत असे, आठ-दहा दिवसांत गळून पडत. ते बघून लोक म्हणू लागले, "डॉक्टर, माझ्या मानेवरचं बगा की." खात्याच्या कागदावर मी डॉक्टर नव्हतो, पण गावात जनावराला सुई टोचणारा तो डॉक्टर, आणि मीही कधी कोणाची ती चूक सुधारली नाही. उलट नायट्रोजन इकडे तिकडे ओघळू नये म्हणून मी एक युक्ती काढली. गाईंना देतात त्या कॅल्शियमच्या बाटलीचं तोंड कापून त्याचं कडं केलं. कडं कातडीवर दाबून धरायचं आणि आत नायट्रोजन सोडायचा. फार अभिमान होता मला त्या कड्याचा.

तीन वर्षांपूर्वी शालननं एका दुपारी परकराची नाडी सैल करून दाखवलं होतं. नाडीच्या वळावर रुपयाएवढा खरखरीत डाग, कधी खाजतो, कधी जळजळतो. "दाखवू का कुणाला?" असंही विचारलं होतं. मी दारात उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणालो, "चामखीळ आहे. मी कशाला आहे मग?" कडं लावलं. फोड आला, खपली पडली, डाग गेला, पांढरा वण राहिला. पुढं वर्षभर मी ते पारावर सांगत होतो. बायकोलासुद्धा तालुक्याला न्यावं लागलं नाही म्हणून.

मॅडमनी वणाभोवती गोठवलं. तो फुसफुसण्याचा आवाज माझ्या कानाला रोजचा, पण तेव्हा तो सहन होईना. शालनच्या पायाची बोटं आत वळली. तिनं हूं केलं नाही. आणि मीही काही बोललो नाही. आता बोलतो, मग बोलतो करता करता पट्टी बांधून झाली, पुढच्या पेशंटला हाक गेली आणि आम्ही दोघं बाहेर आलो.

मोटारसायकलवर ती एका बाजूला, पट्टी दाबली जाऊ नये म्हणून अंग चोरून बसली. तालुक्यापासून तीन-चार किलोमीटरवर रसवंती आहे, तिथं मी गाडी लावली. दोन ग्लास सांगितले. "बिनबर्फाचा," शालन पोऱ्याला म्हणाली, आणि एवढ्यातही मला हसू आलं. मग ते गेलं.

"हंडा कधी लागला तुला?" मी विचारलं.

तिनं ग्लास तोंडाला लावला.

"शालन, मी विचारतोय. खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? माज्या नवऱ्यानं केलं म्हणून सांगू? जनावरांच्या सामानानं?" ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द नीट ऐकू येत होता. "दोन वर्सं ऱ्हायल्यात तुमची नोकरीची. एक कागद वर गेला तर काय हुईल? आन् गावात? सगळी डॉक्टर डॉक्टर करत मागं फिरत्यात. तुमी त्याच्यावरच जगताय."

"अगं, पण डाग आधी होता. मी वरवरचा घालवला. खाली राहिला असला तर? मॅडमनी तिथला तुकडासुद्धा घेतला नाही. तुला कळतंय का तू काय केलंस? तुला काय माहीत—"

"मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"मॅडमनी पैल्या दिवशीच समजावलं होतं. डाग आदीचा आसला आन् कुणी वरनं जाळला आसला तर वणाखाली ऱ्हातंय, वरनं दिसत न्हाई, आन् आत उतरतंय. मग मानूस हाती लागत न्हाई म्हणाल्या." तिनं पदरानं ओठ पुसले. "रातभर इचार केला. मग हंडा सांगितला."

मी समजत होतो की अडाणीपणानं बोलली, भिऊन बोलली, तिला प्रश्नाचं गांभीर्य कळलं नाही. आणि ती सगळं समजून उमजून, रात्रभर विचार करून, माझ्या डॉक्टरकीवर स्वतःचा जीव ओवाळून टाकत होती. वर मला दत्ताच्या देवळाचं नाव सांगत होती. मला तिचा इतका राग आला की ग्लास फेकून द्यावासा वाटला. त्याहून जास्त मला भीती वाटली, कारण थोड्या वेळापूर्वी त्या खोलीत मीही तेच केलं होतं. तिनं माझ्यासाठी केलं. मीही माझ्यासाठीच केलं.

"चल," मी म्हणालो. "परत जाऊ."

"मी न्हाई यायची."

"शालन!"

"तुमी सांगितलं तर मी म्हणंन, ह्येंचं डोकं फिरलंय. बगू कुणाचं खरं मानत्यात." ती बाकावरून हलली नाही. तिचा तो हट्ट मला ठाऊक होता. पोरीच्या लग्नाच्या वेळी तिनं सबंध सोयरीक त्या हट्टावर फिरवली होती.

मी तिला तिथंच सोडून एकटा परत गेलो. मॅडम दवाखाना आवरून डबा खायच्या बेतात होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आधी डाग होता, मी गोठवला, तीन वर्षं झाली.

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "कशानं गोठवला?"

मी कोपऱ्यातल्या फ्लास्ककडे बोट केलं. "ह्यानंच."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ज्या माणसाकडून दर गुरुवारी सामान घेतलं, चहा पाजला, काका म्हटलं, त्याला जणू पहिल्यांदाच बघत होत्या.

"मग सकाळी मी विचारलं तेव्हा?"

"बोललो नाही."

"मी तुमच्यासमोर तो वण सोडून गोठवला, काका. तुम्ही तिथं स्टुलावर बसला होतात."

एवढ्यात बाहेर वडापची, रस्त्यात मिळतील ते प्रवासी घेणारी जीप थांबल्याचा आवाज आला आणि शालन आत आली. पट्टीवर हात धरून, धापा टाकत. "मॅडम, ह्येंचं काय ऐकू नगा. मला कॅन्सर म्हटल्यापासनं ह्येंच्या डोक्यावर परिणाम झालाय. हंड्यानंच भाजलंय मी. देवाशप्पत."

"बघा, शपथ घेतेय!" मी ओरडलो. "देवळात कधी गेली नाही आणि देवाची शपथ घेतेय!"

"तुमी गप बसा."

मॅडमनी दोन्ही हात वर केले. "तुमच्या दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय. चांगल्या वणात उगाच सुई घातली तर तिथं नवीन जखम होईल, आत्ताच्या ह्या स्थितीत ती लवकर भरणार नाही. नाही घातली आणि काका खरं बोलत असले, तर काय होईल ते मावशींना मी सांगितलंय. मला खात्री पाहिजे."

मी बाहेर पळालो. मोटारसायकलच्या डिकीत माझी कामाची बॅग होती. हातमोजे, कात्री, कापूस, आणि तळाशी ते कडं. तीन वर्षांत त्याची कड जरा पिवळी पडली होती. मी ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"हे लावून केलं होतं," मी म्हणालो. "ह्याच्या आत नायट्रोजन ओतून."

शालननं कडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "टाकून दिलं न्हाई व्हय अजून?" ती पुटपुटली.

मॅडमनी ते स्पिरिटनं पुसलं, शालनला कॉटवर घेतलं, पट्टी सोडली आणि जखमेला न टेकवता कडं वणाच्या वर धरलं. बरणीला तिचंच झाकण बसावं तसं ते त्या पांढऱ्या गोलावर बसलं. कुठं दोऱ्याएवढाही फरक नव्हता. एका बाजूला कापताना माझी कात्री घसरली होती, तिथं कड्याला बारीक खाच होती. वणालाही त्याच बाजूला तशीच खाच होती.

मग शालन रडायला लागली. कॅन्सरचं माझ्यासमोर उघडं पडलं तेव्हा रडली नव्हती, गोठवताना रडली नव्हती. "झालं तुमचं समाधान?" ती मला म्हणाली. "आता सांगा गावभर."

मॅडमनी वणाच्या मधून तुकडा घेतला, बाटलीत घातला, चिठ्ठी लिहिली. मग पेन माझ्यापुढं धरलं. "आणखी किती जणांचं केलंत हे?"

मी मनात आठवू लागलो. आठवावं लागलं, ह्याचीच मला लाज वाटली. "नऊ."

"कोणाचा तुकडा आधी तपासला होता?"

"चामखिळीच होत्या हो त्या, मॅडम."

"हीसुद्धा चामखीळच होती ना?"

केसपेपरच्या पाठीवर मी नऊ नावं लिहिली. शेवटची दोन इतकी गिचमिड आली की मॅडमनी ती वाचून माझ्याकडून खात्री करून घेतली.

रिपोर्टला आठ दिवस लागले. ते आठ दिवस आम्ही एकाच घरात राहून एकमेकांशी जेवलीस का, जेवलात का एवढंच बोललो. मी एरवी रेडिओ मोठ्यानं लावणारा माणूस, पण तो लावायचाही धीर झाला नाही. गुरुवारी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. आजार वणाखाली होता. वरून सारं पांढरं, गुळगुळीत, आणि खाली तो केसांच्या मुळांच्या कडेकडेनं उतरायला लागला होता. अजून कातडीच्या अस्तराखाली गेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बाजूची जागा छान बरी झाली असती. मी तुम्हाला पेढे वाटून घरी पाठवलं असतं. आणि हा आत वाढत राहिला असता."

"आता?" मी विचारलं.

"आता सगळं पहिल्यापासून. वणासकट सबंध जागेवर पाच आठवडे मलम, मधे दोनदा गोठवायचं, वणावर जास्त वेळ. त्यानंही राहिलं तर मिरजेला कापायला पाठवीन. आणि नाडी बंद. गाऊन घाला, नाहीतर परकराला रुंद पट्टा शिवून घ्या, तोही सैल."

"ह्या वयात गाऊन?" शालन म्हणाली. मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

त्या नऊ घरांना मी गेलो. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की मी जे केलं ते मला करायचा अधिकार नव्हता, तालुक्याला जाऊन दाखवा, मी बरोबर येतो. काही हसले, काहींनी चहा दिला, एका बाईनं दार लावून घेतलं. शेवटी तीसुद्धा धरून आठ जण जाऊन आले, सुखरूप निघाले. नववा गडी आदल्या उन्हाळ्यात वारला होता. त्याच्या पोराला मी कशानं वारला ते विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. साहेबांना मी स्वतःच लिहून दिलं. चौकशी झाली, ठपका आला, शेवटची दोन वर्षं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला काढली. गावात माझी हाक डॉक्टरवरून नुसत्या आडनावावर, डुबलवर आली. ह्या सगळ्याला आज बारा वर्षं झाली. शालनची जागा स्वच्छ आहे, मॅडम वर्षातून एकदा बघतात.

पण मला जे सांगायचंय ते त्या पाच आठवड्यांतलं आहे. मलम मी लावत होतो. संध्याकाळी लावायचं, सकाळी धुवायचं. तिचा हात तिथं नीट पोचत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी ती आरशात बघून, अंग पिळवटून, वणाला सोडून लावत होती. चौथ्या आठवड्यात जखम सगळ्यात भयंकर झाली. पांढरा वण फुटून लाल झाला, आजूबाजूचं आणि तो एकच झालं. मला रोज बघताना धडकी भरायची. मॅडम फोनवर म्हणायच्या, हेच पाहिजे होतं.

एका सकाळी मागच्या पडवीत ती कॉटवर कुशीवर पडली होती. मी कोमट पाण्यानं जागा धुतली, कापसानं टिपली. खपली निघताना तिचं अंग ताठ झालं.

"दुखलं?" मी विचारलं.

"न्हाई." मग भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "एक इचारू? रागावू नगा."

"विचार."

"त्या दिवशी तुमी कुणाशी बोलत होता?"

"कोणत्या दिवशी?"

"कडं लावलं त्या दिवशी. तुमी कडं दाबून धरलं, वरनं वतलं, आन् तुमचा फोन आला. मग एका हातानं कडं धरून तुमी बोलत बसला. परत वतलं, परत बोलत बसला. कुणाची तरी म्हस गाभ ऱ्हाईना म्हणून हसत होता."

मी आठवून बघितलं. कडं आठवत होतं, डाग आठवत होता, पारावर मारलेल्या बढाया आठवत होत्या. फोन आठवत नव्हता. कोण होता, कोणाची म्हैस, काहीच नाही. माझ्या आयुष्यातला तो एक फोन होता, रोज येतात त्यातला.

"किती वेळ बोलत होतो?"

"काय म्हाईत. मी आकडं मोजत होते. दोनशेपतोर मोजलं, पुडं जमंना. आग आग हुत हुती. वाटलं, आता हाड निगतंय बाहीर."

मी गाईवर कधी एवढा वेळ धरत नसे. गाय लाथ मारते.

"अगं, मग ओरडली का नाहीस?" मी म्हणालो. "हात झटकायचास माझा. एक हाक मारायचीस."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझा प्रश्नच तिला नीट कळला नव्हता.

"तुमी फोनवर होता की," ती म्हणाली.